सांगण्यावर बंधन आहे, ऐकण्यावर नाही

भांडुपच्या एका आईचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देते.

"माझी मुलगी १९ वर्षांची आहे, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. बारावीत असताना तिने स्वतःला इजा करून घेतली, तेव्हापासून तिच्यावर नैराश्याचे उपचार चालू आहेत. गोळ्या देणारे डॉक्टर महिन्यातून एकदा बघतात आणि दर गुरुवारी दादरला एका मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे तिचे सेशन असते. ती सतरा वर्षांची होती तोवर मॅडम आम्हा दोघांना आत बोलावून सगळे समजावून सांगायच्या. तिला अठरा पूर्ण झाली आणि आमच्यासाठी दार बंद झाले. काही विचारले की 'तिच्या परवानगीशिवाय मला सांगता येणार नाही' एवढेच उत्तर मिळते. मागच्या महिन्यात ती तीन रात्री झोपली नाही, नीट जेवली नाही, म्हणून घाबरून मी मॅडमना फोन केला. त्यांनी ऐकून घेतले आणि पुढच्या सेशनला तिला सांगितले की आईचा फोन आला होता. मुलगी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. रात्री उठून तिचा श्वास चालू आहे ना हे मी बघते, फी आम्ही भरतो, आणि आम्हालाच काही कळत नाही. मी म्हणजे तिला दारापर्यंत सोडणारी रिक्षा झाले आहे. भीतीपोटी दोनदा मी तिचा मोबाइलही तपासला. हे म्हणतात, डॉक्टर बदलू या. आमचा काहीच हक्क नाही का?"

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येण्याआधी पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबते. मुलगी तीन रात्री झोपली नाही, हे तुम्ही मानसशास्त्रज्ञांना कळवले. पण गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांपर्यंत ते पोचले का? पत्रावरून तसे दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाहीत, आणि औषधे देणारे मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदा, तेही थोडाच वेळ भेटतात. मधल्या दिवसांत काय घडले ते त्यांना मुलगी सांगेल तेवढेच कळते, आणि मागच्या पंधरवड्यातली झोप तर निरोगी माणसालाही नेमकी आठवत नाही. त्या तीन रात्री ती अंथरुणात तळमळत होती, की कपाट आवरत, भराभर बोलत, दुसऱ्या दिवशी न थकता वावरत होती? डॉक्टरांच्या दृष्टीने या दोन्हींचे अर्थ फार वेगळे आहेत. नैराश्यावरची गोळी चालू असताना झोपेची गरजच कमी झाली आणि तरी अंगात उत्साह मावेनासा झाला, तर मन उन्मादाकडे झुकते आहे का, हे त्यांना तपासावे लागते. तेव्हा पुढच्या तारखेची वाट न पाहता या आठवड्यातच त्यांना हे कळवा, आणि कळवते आहे असे मुलीलाही सांगा.

महापालिकेच्या एका रुग्णालयाच्या मनोविकार विभागात मी अनेक वर्षे समाजसेविका होते. गिरणी बंद पडल्यावर रात्रपाळीच्या वॉचमनची नोकरी करणारे एक वडील आपल्या वीस वर्षांच्या मुलाला घेऊन ओपीडीत येत. एकदा ते कालनिर्णयचे फाडलेले पान गुंडाळी करून काखेत घेऊन आले. पानाच्या चौकोनांत घरच्या बाईने शाईने दुधाचा हिशेब लिहिला होता, 'अर्धा', 'एक', 'नाही'. आणि त्याखाली वडिलांनी पेन्सिलीने बारीक आकडे घातले होते, ७, ७, ६, ४, ३, ३, २. ती मुलाची झोप होती. स्वतः रात्रपाळीला असल्यामुळे ते आकडे त्यांनी रोज सकाळी बायकोला विचारून लिहिलेले होते. समोरच्या निवासी डॉक्टर त्या महिन्यातच विभागात आल्या होत्या. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत हे असेच असते, निवासी डॉक्टर बदलत राहतात, केसपेपर जाड होत जातो आणि रुग्णाची सलग हकिगत माहीत असलेला माणूस घरचाच उरतो. त्या निवासी डॉक्टरांनी आकड्यांच्या ओळीवरून बोट फिरवले आणि पान घेऊन त्या थेट वरिष्ठांकडे गेल्या. मुलाच्या उपचाराची दिशा त्या दिवशी बदलली. मुलगा आत डॉक्टरांशी काय बोलतो, हे त्या वडिलांनी एकदाही विचारले नव्हते. त्यांनी फक्त आपल्याला दिसलेले सांगितले होते.

तुमच्या सगळ्या पत्रावर मला जे म्हणायचे आहे ते हेच. मॅडमच्या सांगण्यावर बंधन आहे, ऐकण्यावर नाही. त्यांच्याकडून तुमच्याकडे येणारी वाट कायद्याने अरुंद केली असली, तरी तुमच्याकडून त्यांच्याकडे जाणारी वाट कोणीही अडवलेली नाही, आणि उपचाराला त्या वाटेची गरज जास्त आहे.

आता हक्काविषयी. १८ पूर्ण झाली की मुलगी कायद्याने सज्ञान होते. मे २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम २३ तिच्या आजाराविषयीची आणि उपचारांविषयीची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तिला देते. त्यामुळे मॅडमनी वाढदिवसानंतर आपली वागण्याची रीत बदलली, यात तुमच्याविषयी अविश्वास नव्हता. पण याच कायद्यात तुमच्यासाठीही जागा आहे आणि ती फार कमी घरांना माहीत असते. कलम १४ प्रमाणे सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही करून, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते, आणि हवा तेव्हा तो बदलूही शकते. कोणाचीच नेमणूक केलेली नसेल तर कायदा त्या जागी आधी नातेवाइकाला धरतो. या प्रतिनिधीला आजाराचे स्वरूप, योजलेले उपचार आणि औषधांचे ज्ञात दुष्परिणाम यांची माहिती मागता येते. रुग्णालयातून घरी सोडताना पुढची आखणी करण्यात त्याचा सहभाग असतो. शिवाय कोणाच्या जिवाला धोका असेल, तर तो टाळण्यापुरती माहिती देण्याची मुभा उपचार करणाऱ्यांना आहेच.

म्हणजे हक्क आहे. पण तो निदान, गोळी, धोका आणि घरच्या काळजीपुरता आहे. बंद खोलीत ती काय बोलली, कोणाविषयी रडली, तुमच्याविषयी काय म्हणाली, हे त्यात येत नाही, आणि येऊही नये असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत कायद्याच्या कलमावरून बनलेले नाही, मुंबईच्या घरांवरून बनले आहे. तुमचे घर किती खोल्यांचे आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, पण आजीसुद्धा तुमच्यात राहत असेल आणि घर वन रूम किचन असेल, तर तुमच्या मुलीला स्वतःचे असे दार नाही. ती बाहेरच्या खोलीत फोनवर बोलते तेव्हा स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबतो, हे तिला कळते. रडायचे झाले तर न्हाणीघरात नळ सोडून रडावे लागते. या शहरात वाढणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या आयुष्यात मानसशास्त्रज्ञाची खोली ही आतून लावता येणारी पहिलीच कडी असते. आपण काही बोललो की ते संध्याकाळपर्यंत घरी पोचते, असा संशय एकदा मनात शिरला, की मूल तिथे जाते, पन्नास मिनिटे बसते आणि काहीच न सांगता परत येते. तुम्ही फी भरत राहता आणि उपचार थांबलेला असतो.

तुमच्या फोनविषयी. मॅडमनी तो मुलीला सांगायला नको होता, असे तुम्हाला वाटते. मी एकदा याहून वाईट चूक केली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका वडिलांनी मला मुलाविषयी काही सांगितले, आणि पुढच्या भेटीत मी ते त्यांच्याच शब्दांत, त्यांनी वापरलेल्या कठोर विशेषणांसकट, मुलासमोर मांडले. तो उठून गेला आणि पुन्हा आला नाही. त्याच्या वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंना सांगू लागले की घरच्यांनी मला काही कळवले तर ते कळवल्याचे मी रुग्णापासून लपवणार नाही, आणि रुग्ण जे बोलेल ते घरच्यांना सांगणार नाही. बरेच मानसशास्त्रज्ञ हाच नियम पाळतात आणि तो योग्य आहे, कारण आपल्या पाठीमागे आई आणि मॅडम बोलतात असे मुलीला उद्या कुठून तरी कळले, तर दोघींवरचा विश्वास एकदम जातो. मॅडमचे चुकले ते इतकेच की हा नियम त्यांनी तुम्हाला आधी सांगितला नाही. अठराव्या वाढदिवसाच्या सुमारास तिघींनी एकत्र बसून यापुढे काय बदलणार, हे बोलायला हवे होते. ती बैठक राहून गेली. ती आता मागा.

पण आधी मुलीशी बोला, तेही बोलायला जमेल अशा वेळी, सेशनहून परतताना नको. "तू मॅडमशी काय बोलतेस ते मला नको सांगूस. मला फक्त घाबरल्यावर काय करायचं ते कळू दे. तुझ्या पुढच्या सेशनला शेवटची पंधरा मिनिटं मी आत आले तर चालेल का?" एवढे पुरे. ती नाही म्हणाली तर तेवढ्यावर सोडा आणि महिन्याभराने पुन्हा विचारा. नकार बहुधा तुमच्या तोंडून पुढे काय काय निघेल या भीतीचा असतो, म्हणून कोणत्या गोष्टी काढायच्या आणि कोणत्या काढायच्या नाहीत हे तिलाच ठरवू द्या.

त्या पंधरा मिनिटांत विचारायचे ते हे: आजाराला तुम्ही काय नाव देता, कोणती गोळी कशासाठी आहे, ती चुकली तर काय करायचे, आणि काय दिसले की आम्ही थांबायचे नाही. रात्री दोन वाजता तिला असह्य झाले तर कोणाला फोन करायचा, हे मात्र मुलीच्या समोर, तिच्याच तोंडून ठरवून घ्या आणि लिहून घ्या. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. तो क्रमांक तिघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या. जिवाला धोका वाटत असेल तर मात्र फोनवर वेळ न घालवता जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठायचा, तिच्याजवळून हलायचे नाही, आणि परवानगीचा विचार नंतर करायचा. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या, आजी असतील तर त्यांच्या रक्तदाबाच्यासुद्धा, तुमच्या ताब्यात कुलुपात असाव्यात.

गोळ्यांविषयी आणखी एक. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, आणि २५ वर्षांखालच्या काही तरुणांत सुरुवातीच्या किंवा मात्रा बदलल्यानंतरच्या आठवड्यांत बेचैनी आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याविषयीचा इशारा २००४ साली लहान मुलांसाठी आणि किशोरवयीनांसाठी दिला, आणि २००७ साली तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. म्हणून गोळी बंद करायची असा याचा अर्थ होत नाही, आपल्या मनाने तर मुळीच नाही, कारण अचानक थांबवण्याचेही त्रास आहेत. अर्थ एवढाच की त्या आठवड्यांत घरच्यांचे लक्ष हा उपचाराचाच भाग असतो. मात्रा बदलली की ते आम्हाला कळावे, एवढी मागणी तुम्ही डॉक्टरांकडे हक्काने आणि मुलीकडे प्रेमाने करू शकता.

कळवायचे कसे, हा प्रश्न उरतो. फोनवर आवाज कापतो आणि नको ते बोलले जाते, म्हणून मी लिहून देण्याचा आग्रह धरते. अर्ध्या पानाहून जास्त नको. नमुना देते.

"नमस्कार मॅडम. हे पत्र मी लिहीत असल्याचे मुलीला माहीत आहे आणि तिने ते वाचले आहे. मागच्या सोमवारपासून बुधवारपर्यंत ती रात्री दोन तासांहून कमी झोपली. मंगळवारी दिवसभरात अर्धी पोळी खाल्ली. बुधवारी कॉलेजला गेली नाही. शुक्रवारपासून झोप पुन्हा सहा तासांवर आली. उत्तराची अपेक्षा नाही, आपल्याला माहीत असावे म्हणून कळवते."

यात 'आळशी झाली आहे' नाही, 'नाटक करते' नाही, 'मोबाइलमुळे झाले' नाही. दिसलेले आहे आणि दिवस आहेत. असे पत्र मुलीने वाचले तर तिला लाज वाटणार नाही, आणि मॅडमना त्याचा खरा उपयोग होईल. ती वाचायला नाही म्हणाली तरी पत्र पाठवा. फक्त पाठवले हे तिला सांगा, आणि पत्रात तिने ते वाचल्याचे लिहू नका.

मोबाइल तपासण्याविषयी तुम्ही आपण होऊन लिहिलेत, यात तुमचा प्रामाणिकपणा आहे आणि भीतीही आहे. पुन्हा तपासू नका. तिला सांगून टाका की घाबरून दोनदा पाहिला आणि यापुढे पाहणार नाही. ती चिडेल; चिडू द्या. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकाराचे रुग्ण रुग्णालयातून परतल्यावर ज्या घरांत सतत टीका, राग किंवा रुग्णात अतिरेकी गुंतणे होते, तिथे आजार उलटण्याचे प्रमाण जास्त होते. पुढे नैराश्याबाबतही असेच आढळले. आजार घरच्यांमुळे होतो असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही, आणि कोणी तुम्हाला तसे सुनावले तर ऐकून घेऊ नका. चंदीगडमध्ये झालेल्या पुढच्या अभ्यासात तिथल्या कुटुंबांत असे वातावरण लंडनच्या मानाने बरेच कमी आढळले होते, हेही लक्षात असू द्या. मात्र पाळतीखाली माणूस बरा होत नाही, एवढे त्यातून घ्यावे. मध्यरात्री तिचा श्वास बघायला उठता, ते मी थांबवा म्हणणार नाही. मी तुमच्या जागी असते तर मीही उठले असते. पण तो जागरणाचा आठवडा आहे की जागरणाचे वर्ष, हे मोजा, आणि वर्ष असेल तर तुम्हालाही डॉक्टरांना भेटायला हवे.

तुमच्या यजमानांचे म्हणणे मी सरसकट खोडत नाही. डॉक्टर औषधाविषयी साधे प्रश्नही उडवून लावत असतील, धोक्याच्या वेळी कोणाकडे जायचे हे ठरवायला तयार नसतील, किंवा घरच्यांचे पत्र वाचायलाच नकार देत असतील, तर बदल जरूर करावा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते; ती विचारण्यात अपमान नाही. पण केवळ आत काय बोलते ते सांगत नाहीत म्हणून बदलाल, तर दुसरीकडेही हेच उत्तर मिळेल, आणि मुलीला दोन वर्षांची हकिगत अनोळखी माणसापुढे पहिल्यापासून उलगडावी लागेल. शिवाय निर्णय तिचा आहे. यजमानांनी स्वतः त्या पंधरा मिनिटांच्या बैठकीला यावे, असे मी सुचवीन. डॉक्टर बदलू म्हणणारे वडील बहुधा डॉक्टरांना फार थोडे भेटलेले असतात.

तुमच्या तक्रारीत एक मोठे सत्य आहे आणि ते मॅडमच्या व्यवसायातल्या सगळ्यांनी ऐकायला हवे. आपल्या देशात मनोविकारांचा उपचार घरच्यांना बाहेर ठेवून वाढलेला नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावले, आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुग्णासोबत कुटुंबाने राहण्याची पद्धत रुजली. आजार काय आहे, औषध कसे द्यायचे, घरी गेल्यावर कसे वागायचे, हे नातेवाइकांना तिथे राहून शिकता आले. आज शहरातल्या दवाखान्यांत वेळ नाही, जागा नाही, आणि गोपनीयतेचा नियम कधीकधी घरच्यांना टाळण्याची सोय म्हणूनही वापरला जातो. 'सांगता येणार नाही' या वाक्यापुढे 'पण तुम्ही मला सांगू शकता' एवढे जोडायला अर्धे मिनिट लागते. ते न जोडणाऱ्यांवर माझा राग आहे.

मराठीत या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी घरच्या काळजीवाहकासाठी 'शुभंकर' आणि रुग्णासाठी 'शुभार्थी' असे दोन शब्द रूढ केले आहेत. तुमच्यापासून थोड्याच स्टेशनांवर, ठाण्यात, आय. पी. एच. (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करते. कुटुंबीयांसाठीच्या आधारगटांची चौकशी तिथे करा. तुमच्यासारख्याच आयांमध्ये बसून बोलण्यासाठी मुलीची परवानगी लागत नाही, कारण तिथे तुम्ही आपल्याविषयी बोलणार असता.

शेवटी त्या रिक्षाविषयी. गुरुवारी ती आत असते तेव्हा दाराबाहेरच्या बाकावर बसून आवाजाचा अंदाज घेऊ नका. खाली उतरा, चहा घ्या, भाजी घ्यायची असेल तर घ्या, आणि पन्नास मिनिटांनी परत या. दादर ते भांडुप गाडीत अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात "काय म्हणाल्या मॅडम?" हा प्रश्न विचारू नका. तिला खिडकी मिळाली तर बसू द्या, भूक लागली आहे का तेवढे विचारा, आणि ती आपण होऊन काही बोललीच तर घाटकोपर आले, विक्रोळी आले, तरी मध्ये न बोलता ऐका.